चतुर्वेदी यांस लांबून टाकावयास शिकविणेबाबत

उदाराम पटल्यांच्या मते सरकारनं आजवर दोनच याद्या मन लावून केल्या. एक मतदार यादी आणि दुसरी ज्येष्ठता यादी. पैकी पहिलीत मेलेली माणसं सापडतात, म्हणून तिच्यावर त्यांचा फारसा जीव नव्हता. ज्येष्ठता यादीत मात्र वरचा गेला की खालचा सरकतो. कोणाची घाई नाही, कोणाची हुशारी नाही. असा सरळ न्याय देवानंसुद्धा ठेवलेला नाही, असं ते म्हणत.

तिरोड्याच्या एका कचेरीत ते एकतीस वर्षं बाबू होते. सगळे त्यांना पटलेबाबू म्हणत. चिडली की बायको भूमेश्वरीसुद्धा. कचेरीचा हजेरीपट त्यांच्या ताब्यात होता आणि एकतीस वर्षांत मागच्या तारखेची एक सही त्यांनी कोणाला करू दिली नव्हती. एकदा खुद्द साहेबांनी पेन उघडलं, तेव्हा बाबूंनी हजेरीपटावर तळहात ठेवला. "साहेब, काल तुम्ही नव्हते जी." साहेबांनी निमूटपणे रजेचा अर्ज दिला. त्यानंतर तीन वर्षं बाबूंचं नाव कोणत्याही प्रशिक्षणाला गेलं नाही. तसं त्याआधीच्या अठ्ठावीस वर्षांतही गेलं नव्हतं, पण आता निदान कारण होतं.

अशा माणसाच्या हाती बास्केटबॉलची टीम गेली.

टीम खरी नव्हती. म्हणजे खरीच होती, पण कॉम्प्युटरमध्ये.

झालं असं. त्यांची एकुलती मुलगी समीक्षा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन यायचा. तो संपूर्ण फोन असा:

"जेवली का?"

"हो. तुम्ही?"

"झालं. पाऊस हाय का तिकडे?"

"नाही. तिकडे?"

"इकडे बी नाही. घे, आईसंग बोल."

पन्नास सेकंद. एका रविवारी दोन्हीकडे पाऊस होता, तेव्हा एक मिनिट दहा सेकंद झाले होते.

२०१०च्या दिवाळीत समीक्षा घरी आली तशी आपला जुना कॉम्प्युटर घेऊनच आली. ब्रॉडबँड जोडून घेतलं आणि जाताना बापाला या खेळात भरती करून गेली. "बाबा, यात चेंडू आपण नाही फेकायचा. आपण फक्त व्यवस्थापक. कोणाला खेळवायचं, कोणाला काय शिकवायचं, एवढं ठरवायचं. मॅच तिकडे अमेरिकेतल्या कॉम्प्युटरवर आपोआप होते. आपण नुसतं वाचायचं, काय झालं ते."

स्वतः काही न करता दुसऱ्याच्या कामाचा अहवाल वाचायचा! बाबूंना हे क्षणात समजलं. साहेब लोक दुसरं काय करतात? एकतीस वर्षांनी का होईना, पदोन्नती झाली होती.

त्यांच्या टीमचं नाव ठरलं, जवळच्या तलावावरून, बोदलकसा बास्केटबॉल मंडळ. समीक्षाची टीम आधीपासून होती, हिंजवडी गांधीलमाशा. नशिबानं दोन्ही एकाच गटात पडल्या. गटात सोळा टीम, आठवड्याला दोन मॅचेस, जानेवारी ते एप्रिल हंगाम. हंगामाच्या शेवटी तळातल्या दोन टीम खालच्या गटात जातात. आणखी एक नियम होता, जो वाचून बाबूंना त्या अमेरिकन माणसांबद्दल आदर वाटला: एखादा व्यवस्थापक सलग बेचाळीस दिवस फिरकलाच नाही, तर टीम कितीही वर असो, आधी ती खाली जाते. तेवढी तळातली एक जागा वाचते.

"हजेरी हाय त्यांच्यात," बाबू भूमेश्वरीला म्हणाले. "म्हून तो देश पुढे गेला."

त्यांनी लगेच एक वही आखली. रोज सकाळी सहाला खेळ उघडायचा, वहीत सही करायची. गटातल्या बाकी चौदा व्यवस्थापकांची शेवटची हजेरी खेळात दिसायची, तीही लिहून ठेवायची. समीक्षाची मात्र ते पाहत नसत. घरच्या माणसाचं मस्टर तपासणं त्यांना प्रशस्त वाटेना.

आणि रविवारचा फोन? पहिल्या रविवारी अकरा मिनिटं. महाशिवरात्रीपर्यंत चाळीस. भूमेश्वरीला बोलायची पाळी मिळावी म्हणून हातानं खूण करावी लागू लागली. बापलेक बोलत होते! एका टीमचं काय झालं, दुसरीचं काय होणार, कोणाचा घोटा मुरगळला. बाबूंनी मनातल्या मनात हिशोब घातला होता: दोघं एका गटात आहेत तोवर हे आहे. गट सुटला की परत पाऊस हाय का.

आता प्रशिक्षण.

समीक्षानं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "बाबा, लांबून टाकणारे तयार करा, लांबून गेला की दोनाऐवजी तीन गुण मिळतात. त्याशिवाय हा गट टिकत नाही. अठरा-एकोणीस वर्षांची तीन पोरं निवडा, गार्डच्या जागेवर खेळवा आणि दर आठवड्याला एकच शिक्षण द्या, लांबून टाकणं. दुसरं काही नाही. वय वाढलं की शिकत नाहीत."

खेळाचा कायदाच तसा होता. शुक्रवारी सकाळी प्रशिक्षणाचा निकाल लागे, आणि आठवड्यात जो अठ्ठेचाळीस मिनिटं गार्ड म्हणून खेळला, तोच लांबून टाकायला शिके. गार्ड म्हणजे मागून चेंडू घेऊन येणारा, बुटका, चपळ गडी. पोरं भरभर शिकत, म्हातारे हळूहळू.

बाबूंनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग त्यांनी यादी केली.

बोदलकसा बास्केटबॉल मंडळ
ज्येष्ठता यादी (तात्पुरती. हरकती सात दिवसांत.)

१. थंगवेल चतुर्वेदी. वय ३४. उंची सात फूट. सेवा तेरा हंगाम. लांबून टाकणे: साधारण. यापूर्वीचे प्रशिक्षण: निरंक.

(मधले नऊ जण इथे गाळले आहेत. त्यांच्या नशिबातही तेच होतं.)

११. हरविंदर नंबियार. वय १८. उंची सहा फूट. सेवा तीन आठवडे. लांबून टाकणे: निश्चित चांगला. शेरा: अजून खूप वेळ आहे.

नावं आणि मागची सेवा, दोन्ही कॉम्प्युटरनंच टीमबरोबर दिलेलं होतं. त्याला मद्रास आणि मथुरा एकाच मोहल्ल्यात वाटत असावेत. पण बाबूंचं लक्ष नावाकडे नव्हतं. त्यांची नजर 'निरंक'वर खिळली होती. तेरा हंगाम! एक माणूस तेरा हंगाम बास्केटखाली उभा राहून धक्के खातो, आणि त्याला कोणी एकदाही प्रशिक्षणाला पाठवत नाही. का? तर म्हणे तुम्ही गेले तर इथलं काम कोण करीन?

सात दिवसांत एकाही खेळाडूची हरकत आली नाही. यादी अंतिम झाली. चतुर्वेदी गार्ड झाले.

"कोण?" फोनवर समीक्षा ओरडली. "सात फुटी म्हातारा गार्ड? बाबा, कायले?"

"नियमानं त्याचा नंबर लागते."

"नंबियारला घ्या ना!"

"नंबियार काल आला बाई. उद्या पोस्टिंग घेऊन निघून जाईन. याचं तं सारं आयुष्य आपल्याकडे गेलं."

 समीक्षा हसली. हसली म्हणजे हसतच राहिली, आणि त्या रविवारी फोन बावन्न मिनिटं चालला.

परिणाम सांगायला हवा का? मॅचचं वर्णन खेळात ओळीओळीनं येई. "चतुर्वेदी चेंडू घेऊन येत आहे." पुढची ओळ: "चतुर्वेदी अजून येत आहे." तो पोचेपर्यंत वेळ संपे. पोचला तर लांबून टाके, आणि तो चेंडू कडीला सोडाच, फळीलासुद्धा लागत नसे. मंडळ ओळीनं सात मॅचेस हरलं.

तिरोड्यात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. समोर दुलीचंदचं झेरॉक्सचं दुकान होतं. घरची वीज गेली की बाबू त्याच्या इन्व्हर्टरवर मॅच बघायला जात, त्यामुळे दुलीचंदला चतुर्वेदीच्या गुडघ्यांची हालत पाठ होती. "बाबूजी, बुड्ढे को बिठाओ, लौंडों को खिलाओ. इतनी सी तो बात है."

"सेवाज्येष्ठता हाय, दुलीचंदजी."

"अरे, कॉम्प्युटर के अंदर कैसी सेवा?"

बाबूंना ते लागलं. कॉम्प्युटरच्या आत असो की बाहेर, सेवा ती सेवा.

शेजारचे सेवकराम मेश्राम गुरुजी निवृत्त क्रीडाशिक्षक. त्यांनी तीन जिल्हे कबड्डीत गाजवले होते आणि त्यांना या प्रकाराचा मूलभूत राग होता. "पटलेबाबू, ज्याले स्वतःले टाकता येत नाही, तो दुसऱ्याले का शिकवून राहिला? पयले तुम्ही टाका."

"मी?"

"मग का मी? मी रिटायर हावो."

गुरुजींनी बुड गेलेली एक टोपली अंगणातल्या मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडाला बांधली, एक जुना व्हॉलीबॉल आणला आणि पस्तीस फुटांवर चुन्याची रेघ मारली. रविवारचा दिवस होता. बाबूंनी पँट वर खोचली, डोळे मिटले आणि टाकला. चेंडू छपरावर गेला आणि तिथे वाळत घातलेल्या लाखोळीच्या डाळीच्या वड्यांतून आरपार निघाला. दुसरा चेंडू रस्ता ओलांडून दुलीचंदच्या झेरॉक्स मशीनवर बसला. ऐन त्या वेळी कोणाचा तरी रहिवासी दाखला निघत होता. त्यावर अर्ज करणाऱ्याच्या नावाऐवजी अर्धा गोल उमटला. तो गडी तसाच कागद घेऊन गेला, आणि कचेरीत तो स्वीकारलाही गेला, असं दुलीचंद अजून शपथेवर सांगतो.

तिसरा चेंडू गडगडत स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. भूमेश्वरी पिठाच्या हातानं बाहेर आली. तिनं वड्यांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, चेंडू उचलला आणि "घ्या तुमचं" म्हणून दारातूनच भिरकावला.

चेंडू टोपलीतून खाली पडला. टोपलीची कड हललीसुद्धा नाही.

गुरुजींनी चेंडू उचलून आणला.

"वहिनी," गुरुजी हळूच म्हणाले, "पुन्हा एकडाव टाका बरं."

"मले कामं हायत." दार लागलं. मग आतून आवाज आला, "तीस वर्सं झाली या झाडावरचे वांदरं हाकलून राहिले मी! हात बसनार नाही त का होईन?"

बाबू टोपलीकडे बघत उभे राहिले. एका घरात तीस वर्षं, आणि यादीत नाव नाही.

मार्चमध्ये चतुर्वेदीचं वय पस्तीसकडे निघालं. खेळात म्हातारे खेळाडू एके दिवशी आपोआप निवृत्त होतात, असं कळल्यावर बाबूंनी अमेरिकेला इंग्रजीत अर्ज लिहिला. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर की, श्री. चतुर्वेदी यांचे प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत त्यांना सेवेत मुदतवाढ मिळावी. सोबत सेवातपशील, तीन प्रतींत. ऑनलाइन अर्जाला तीन प्रती लागत नाहीत, म्हणून त्यांनी तो तीनदा पाठवला.

उत्तर आलं: "हाय उदा! वय थांबवता येत नाही. पण तुझा उत्साह झकास! खेळत राहा!"

उदा! आई गेल्यावर त्यांना कोणी उदा म्हटलं नव्हतं. पत्र त्यांनी दोनदा वाचलं. जावक क्रमांक नव्हता, सही नव्हती, पण राग काही येईना.

आणि मग तो शनिवार आला, ज्या दिवशी बोदलकसा मंडळाची मॅच हिंजवडी गांधीलमाशांशी होती. पहिल्या फेरीत लेकीनं बापाला एकेचाळीस गुणांनी हरवलं होतं. सकाळी सहा वाजता बाबू आंघोळ करून, कपाळाला गंध लावून बसले. विशेष म्हणजे गांधीलमाशा सैरभैर खेळत होत्या. एक जखमी खेळाडूसुद्धा तसाच मैदानात उतरलेला. अर्ध्या वेळेला बरोबरी. शेवटची सहा मिनिटं उरली. "चतुर्वेदी चेंडू घेऊन येत आहे. चतुर्वेदी रेषेच्या बाहेर थांबतो. चतुर्वेदी लांबून

(लोडशेडिंग. सव्वासात ते सव्वादहा. वाक्य अर्धं राहिलं त्याला इलाज नाही. तेव्हा उन्हाळ्यात सगळीच वाक्यं अशी राहत. बाबू बनियनवर, पायात एकच चप्पल घालून रस्ता ओलांडत आहेत. दुलीचंदचं शटर बंद आहे. शटर वाजत आहे. शेजारून गुरुजी विचारत आहेत, "कोन गेला?" बाबू म्हणत आहेत, "अजून चेंडू हवेत हाय!" दुलीचंद वरून, दातात ब्रश धरून, "आ रहा हूं, बाबूजी, आ रहा हूं." इन्व्हर्टर सुरू होत आहे.)

टाकतो. तीन गुण!"

त्या सहा मिनिटांत चतुर्वेदीनं तीनदा लांबून टाकलं आणि तिन्ही आत गेले. मंडळ चार गुणांनी जिंकलं. शुक्रवारी निकाल लागला होताच: लांबून टाकणे, साधारणवरून चांगला. नऊ आठवड्यांत एक पायरी. नंबियार तेवढ्यात आभाळाला लागला असता, पण ते असो. बाबूंनी कचेरीत पेढे वाटले. कारण विचारल्यावर म्हणाले, "आमचे एक जुने सहकारी प्रशिक्षण उत्तीर्ण झाले."

रविवारी समीक्षा म्हणाली, "मस्तच खेळला तुमचा चतुर्वेदी, बाबा. मला सगळं सांगा. पहिल्यापासून." त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. लोडशेडिंगसकट.

पण एका विजयानं काय होतं? हंगामाच्या शेवटच्या शनिवारी मंडळ पंधराव्या क्रमांकावर होतं. जिंकलं तर चौदावं आणि सुरक्षित. हरलं तर खाली. शेवटच्या क्षणी दोन गुण कमी, आणि चेंडू कोणाकडे? ज्येष्ठतेनं चतुर्वेदींकडेच. त्यांनी लांबून टाकला. वीज होती, वाक्यही पूर्ण आलं: "चेंडू कडीवर नाचतो आणि बाहेर पडतो."

बाबूंनी वहीत सही केली आणि कॉम्प्युटर बंद केला. गुरुजी अंगणाशी येऊन उभे राहिले. काही सल्ला न देता परत गेले, यावरून प्रसंगाचं गांभीर्य लक्षात यावं.

"खाली गेलो," बाबू म्हणाले.

"मंग चढा परत," भूमेश्वरी म्हणाली.

"तू समजून नाही राहिली वो. ती वर, मी खाली. आता रविवारी का बोलाचं? पाऊस हाय का?"

भूमेश्वरीनं हातातलं सूप खाली ठेवलं. "का जी, एवढं का पानी आलं तुमच्या डोयात? पोरगी हाय ते. गट नोहे."

रविवारी सहाला धीर झाला नाही, दहाला पाच मिनिटं कमी असताना बाबूंनी खेळ उघडला. खालच्या गटाचा आदेश आला असेल, तो वाचून सही करायची, म्हणजे फोनवर आवाज नीट राहील. आदेश आला होता.

खाली जाणाऱ्या टीम: दोन. एक, सोळावा क्रमांक. दोन, हिंजवडी गांधीलमाशा. कारण: व्यवस्थापक बेचाळीस दिवस गैरहजर.

बोदलकसा बास्केटबॉल मंडळ: पंधरावा क्रमांक. गट कायम.

बाबूंनी चष्मा पुसला. बेचाळीस दिवस म्हणजे सहा आठवडे. म्हणजे तो शनिवार, तो विजय, त्या दिवशी पलीकडे कोणी नव्हतंच. सैरभैर गांधीलमाशा, जखमी गडी, सगळं त्यांना एकदम दिसलं. कचेरीत वाटलेले पेढे एक क्षण कडू झाले. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. सहा आठवडे म्हणजे सहा रविवार.

फोन वाजला.

"बाबा! काय झालं कालच्या मॅचचं? चतुर्वेदी कसे आहेत?"

"तू खेळ सोडला."

"कोणी सांगितलं?"

"हजेरीनं."

"अहो, नवीन प्रोजेक्ट आला. सकाळीच निघावं लागते. उघडायलाच नाही जमलं. मग म्हटलं, जाऊ दे."

"मंग दर रविवारी काऊन विचारे? पाऊण पाऊण घंटा? तुह्या टीमचं तं काही राहिलंच नोहतं."

"माझी टीम कोणाला पाहिजे, बाबा?" समीक्षा म्हणाली. पुण्याची बोली तिच्या जिभेवरून घसरली. "मले चतुर्वेदीचं आयकाचं राह्यते. तुम्ही सांगता तसं. हप्ताभर वाट पाह्यतो मी. आता सांगा ना, का झालं काल?"

बाबू खुर्चीत सरसावून बसले. "चेंडू कडीवर नाचला," ते म्हणाले, आणि पहिल्यापासून सुरू केलं. एकावन्न मिनिटांनी भूमेश्वरीनं फोन ओढून घेतला, तेव्हा ते पुढच्या हंगामाच्या यादीवर आले होते. कचेरीतून आलेल्या आदेशाचं सांगायचं राहूनच गेलं: श्री. उ. पटले यांची संगणक प्रशिक्षणासाठी निवड, नागपूर, आठ दिवस. निवृत्तीला अडीच महिने असताना. ते त्यांनी पुढच्या रविवारसाठी ठेवलं.

माय-लेकी बोलत होत्या. बाबूंनी हजेरीची वही काढली, नवं पान आखलं आणि वर नाव लिहिलं: कु. समीक्षा उदाराम पटले. मागच्या सहा रविवारच्या तारखा एकाखाली एक मांडल्या. मग दाराकडे एकदा पाहून घेतलं, कचेरीतलं कोणी नाही ना, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा मागच्या तारखांपुढे, एकेक करून, निळ्या शाईनं लिहिलं: हजर. हजर. हजर. हजर. हजर. हजर.